फादर गाब्रिएले अमोर्थ: ‘पोपचे एक्सॉर्सिस्ट’ ही ओळख कितपत खरी?

प्रश्न: पानगळ

रसेल क्रो यांची प्रमुख भूमिका असलेला ‘द पोप्स एक्सॉर्सिस्ट’ हा २०२३ मधील इंग्रजी चित्रपट नुकताच पाहिला. स्कूटरवरून हिंडणारा मिश्कील, धिप्पाड धर्मगुरू आणि त्याच्यासमोर गुरगुरणारा सैतान असा सगळा मसाला त्यात ठासून भरलेला असल्यामुळे चित्रपटाविषयी मला काही विचारायचे नाही. मात्र ही व्यक्तिरेखा फादर गाब्रिएले अमोर्थ या खऱ्याखुऱ्या इटालियन धर्मगुरूवर बेतलेली आहे हे कळल्यावर कुतूहल चाळवले, आणि त्यानंतर जे जे वाचनात आले त्याने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच आहे.

कुठे त्यांना ‘पोपचे एक्सॉर्सिस्ट’ (म्हणजे दुष्टात्मे घालवणारे धर्मगुरू) म्हटले आहे, कुठे ‘व्हॅटिकनचे मुख्य एक्सॉर्सिस्ट’, तर कुठे नुसतेच रोममधील एक धर्मगुरू. त्यांनी १,६०,००० वेळा दुष्टात्मे काढले, असाही आकडा अनेक ठिकाणी दिसतो. मी साधा भागाकार करून पाहिला. हे काम त्यांनी तीस वर्षे केले असे धरले, तर एकाही दिवसाचा खाडा न करता रोज चौदा-पंधरा माणसांच्या अंगातून सैतान बाहेर काढावा लागेल. साठी ओलांडल्यावर हे काम हाती घेतलेल्या माणसाच्या बाबतीत हे गणित मला काही केल्या पटत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. हे गृहस्थ मुळात कोण होते? त्यांना हा अधिकार कोणी दिला आणि तो कोणाच्या नावाने चालत असे? आपल्या भाषेत अशा माणसासाठी ‘मांत्रिक’ हा शब्द चटकन ओठांवर येतो, तो येथे लागू पडतो का? आणि ज्याला औषधाची गरज आहे अशा आजारी माणसावर प्रार्थनांचा मारा होऊ नये, यासाठी चर्चमध्ये काही व्यवस्था आहे का? श्रद्धा विरुद्ध अंधश्रद्धा असा सामना रंगवण्याचा हेतू नाही. माणूस आणि त्याचे काम समजून घ्यायचे आहे.

उत्तर: लॅटिनवेडा

आपला भागाकार चोख आहे. घोळ आहे तो ‘एक वेळ’ कशाला म्हणायचे, यात. तिकडे येण्यापूर्वी माणसाविषयी सांगतो, कारण अमोर्थ यांचे पहिले साठ-एकसष्ट वर्षांचे आयुष्य कोणी फारसे सांगत नाही, आणि मला तर तेच अधिक रंजक वाटते.

त्यांचा जन्म १ मे १९२५ रोजी उत्तर इटलीतील मोदेना येथे झाला. घराणे वकिलीचे आणि कडवे कॅथलिक. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि जर्मन फौजांनी देशाचा उत्तर भाग व्यापला, तेव्हा हा अठरा वर्षांचा मुलगा प्रतिकार चळवळीच्या सशस्त्र दलात सामील झाला. युद्धानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाच्या युवक शाखेत काम केले. त्या शाखेची धुरा तेव्हा जुलिओ आंद्रेओत्ती यांच्याकडे होती. हेच आंद्रेओत्ती पुढे अनेकदा इटलीचे पंतप्रधान झाले. अमोर्थ त्यांचे सहायक होते. म्हणजे राजकारणाची वाट समोर अगदी मोकळी होती. ती सोडून त्यांनी संत पौलाच्या संघात प्रवेश केला आणि १९५४ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

हा संघ कोणता, हे येथे महत्त्वाचे आहे. जाकोमो अल्बेरिओने यांनी १९१४ मध्ये आल्बा या गावी तो स्थापन केला, आणि छापखाना, पुस्तके, नियतकालिके या मार्गाने धर्मप्रसार करणे हे त्याचे घोषित कार्य. अमोर्थ यांनीही आयुष्याची मधली वर्षे लेखणीतच घालवली. मारियामातेविषयीच्या धर्मचिंतनाचे ते अभ्यासक होते, त्या विषयाला वाहिलेल्या एका मासिकाचे संपादक होते, आणि १९५९ मध्ये इटली देश मारियेच्या निष्कलंक हृदयाला अर्पण करण्याचा जो सोहळा झाला त्याच्या आयोजनात त्यांचा मोठा वाटा होता. कायद्याचा पदवीधर आणि पेशाने संपादक, अशी ही घडण होती. पुढे ते ज्या सहजतेने मुलाखती देत आणि ज्या सफाईने वृत्तपत्रांना मथळे पुरवत, त्याचे मूळ मला या संपादकीय टेबलाशी दिसते.

कलाटणी मिळाली ती जून १९८६ मध्ये, आणि तीही जवळजवळ गप्पांच्या ओघात. अमोर्थ यांनीच सांगितलेली हकीकत अशी की, ते रोमचे कार्डिनल व्हिकार, म्हणजे पोपच्या वतीने रोमच्या धर्मप्रांताचा कारभार पाहणारे, उगो पोलेत्ती यांना सहज भेटायला गेले असता बोलता बोलता रोममधील एक्सॉर्सिस्ट फादर कांदिदो आमान्तिनी यांचा विषय निघाला. फादर कांदिदो आजारी असतात, त्यांना मदतनीस हवा आहे, असे म्हणत कार्डिनलांनी तिथल्या तिथे कागद ओढला आणि नेमणुकीचे पत्र लिहून हातात ठेवले. अमोर्थ तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते आणि या कामाची त्यांनी कधी कल्पनाही केली नव्हती. मारियामातेने आपल्याला तिच्या पदराखाली घ्यावे, एवढीच प्रार्थना आपण त्या वेळी केली, असे ते नंतर सांगत.

फादर कांदिदो हे पॅशनिस्ट संघाचे धर्मगुरू. रोममध्ये लॅटरन महामंदिरासमोर ‘स्काला सान्ता’ म्हणजे पवित्र जिना आहे, ज्याच्या अठ्ठावीस संगमरवरी पायऱ्या भाविक गुडघ्यांवर चढतात. तेथे राहून त्यांनी छत्तीस वर्षे हे काम केले. १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत अमोर्थ त्यांच्या हाताखाली शिकत राहिले. ही विद्या पुस्तकातून येत नाही, कोणाच्या तरी शेजारी उभे राहूनच शिकावी लागते, असे अमोर्थ यांचे ठाम मत होते, आणि बहुतेक बिशपांना या कामाचा अनुभव नसल्यामुळे त्यांना त्याची किंमतही कळत नाही, ही तक्रार त्यांनी मरेपर्यंत केली.

आता आकड्याकडे वळतो. अमोर्थ प्रत्येक बैठक, प्रत्येक आशीर्वाद, काही मिनिटांची छोटी प्रार्थनासुद्धा स्वतंत्र मोजत. एकच व्यक्ती आठवड्याला एकदा याप्रमाणे पाच वर्षे आली, तर त्यांच्या वहीत अडीचशेच्या वर नोंदी होणार. खऱ्या अर्थाने पछाडलेल्या व्यक्ती आपण सगळ्या मिळून शंभरच्या आसपासच पाहिल्या, असे त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितले होते. मथळ्यात मात्र लाखांचा आकडा जातो आणि शंभराचा आकडा खाली कुठेतरी राहतो. अर्थात मोजणीची ही रीत त्यांची स्वतःची होती, आणि तिच्यामुळे काय गैरसमज होतो हे एका अनुभवी संपादकाला कळत नसेल, असे मला वाटत नाही.

उपाधीविषयीही हेच. ‘व्हॅटिकनचा मुख्य एक्सॉर्सिस्ट’ असे पदच अस्तित्वात नाही. रोम हा एक धर्मप्रांत आहे, त्याचे बिशप स्वतः पोप असतात आणि त्यांच्या वतीने दैनंदिन कारभार कार्डिनल व्हिकार पाहतात. त्या व्हिकारांनी नेमलेला धर्मगुरू म्हणजे फार तर पोपच्या धर्मप्रांतातील एक एक्सॉर्सिस्ट. ‘पोपचा एक्सॉर्सिस्ट’ ही उडी पत्रकारांनी घेतली आणि चित्रपटवाल्यांनी तिचे सोने केले.

उत्तर: उंबरठा

लॅटिनवेडा यांनी माणूस उभा केला आहे. मी अधिकार आणि विधी याविषयी लिहितो, कारण हा विषय मी श्रद्धावंत म्हणून आणि काही काळ धर्मशास्त्राचा विद्यार्थी म्हणून जवळून पाहिला आहे.

१९८३ च्या चर्च कायदासंहितेतील कलम ११७२ नुसार, स्थानिक बिशपांची खास आणि स्पष्ट परवानगी असल्याखेरीज कोणालाही पछाडलेल्या व्यक्तीवर एक्सॉर्सिझमचा विधी करता येत नाही. अशी परवानगी केवळ धर्मगुरूलाच मिळते, आणि त्याच्या ठायी भक्ती, ज्ञान, विवेक आणि निष्कलंक आचरण असले पाहिजे, अशी अट आहे. पूर्वी धर्मगुरूपदाच्या वाटेवर ‘एक्सॉर्सिस्ट’ ही एक कनिष्ठ पायरी प्रत्येकाला पार करावी लागे, पण ती केवळ नावापुरती उरली होती आणि पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये ती काढून टाकली. त्यामुळे आज कोणी जन्मभर एक्सॉर्सिस्ट म्हणून दीक्षित होत नाही. बिशप नेमतात आणि बिशपच काढून घेऊ शकतात. सर्वसामान्य भाविकांनी असे विधी परस्पर करू नयेत, अशी ताकीद व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने १९८५ मध्ये पत्र पाठवून दिली, आणि त्या पत्रावर कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांची सही होती.

‘मांत्रिक’ हा शब्द मला चुकीचा वाटतो, आणि केवळ भावना दुखावतात म्हणून नव्हे. मांत्रिकाकडे स्वतःची सिद्धी असते, किंवा तशी ती आहे असा त्याचा दावा असतो. एक्सॉर्सिस्टकडे अशी वैयक्तिक शक्ती असल्याचे चर्च मानत नाही. तो येशू ख्रिस्ताच्या नावाने आणि चर्चच्या वतीने प्रार्थना करतो, त्यासाठी मानधन घेत नाही, आणि ती सफल होईलच अशी हमीही देऊ शकत नाही. बाप्तिस्मा किंवा पापनिवेदन यांसारख्या सात संस्कारांमध्ये हा विधी मोडत नाही. पवित्र पाणी शिंपडण्यासारख्या उपसंस्कारांच्या वर्गात तो मोडतो, आणि म्हणूनच एकाच व्यक्तीवर तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे करावा लागतो. एकच चांगले पापनिवेदन एक्सॉर्सिझमपेक्षा प्रभावी असते, असे अमोर्थ स्वतः वारंवार सांगत. चित्रपटात मात्र पापनिवेदनाला कोण बसणार!

प्रत्यक्ष विधी कसा असे, याचेही कुतूहल असेल. अमोर्थ रोममधील आपल्या संघाच्या निवासातील एका साध्या खोलीत लोकांना भेटत. गळ्यात जांभळा स्टोल म्हणजे धर्मगुरूचा लांब पट्टा, हातात क्रूस, जवळ पवित्र पाणी आणि आशीर्वादित तेल. स्टोलचे टोक ते समोरच्या व्यक्तीच्या खांद्यावर ठेवत आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणत. सोबत प्रार्थना करणारे सहायक असत, आणि गरज पडल्यास व्यक्तीला धरून ठेवणारेही. येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांना या विधीची गरजच नसे. त्यांचे ऐकून घेऊन, आशीर्वाद देऊन, अनेकांना डॉक्टरांकडे पाठवून ती भेट संपे.

त्यांच्या मांडणीत सैतानाच्या असाधारण कृतींचे प्रकार वेगवेगळे आहेत. शरीराचा ताबा घेतला जाणे हा एक आणि सर्वांत विरळा. ताबा न घेता शारीरिक पीडा किंवा आयुष्यात सतत आघात होणे हा छळाचा प्रकार दुसरा. मनात असह्य विचारांचा ससेमिरा लागणे हा तिसरा. आणि घर, वस्तू किंवा जनावर बाधित होणे हा आणखी एक. मोहात पाडणे ही मात्र सैतानाची रोजची, साधारण कृती. तिच्यासाठी एक्सॉर्सिस्ट लागत नाही, इच्छाशक्ती लागते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी. १६१४ मध्ये पोप पॉल पाचवे यांच्या काळात जो रोमन विधिग्रंथ निघाला, त्यातील सूचनांचा आरंभच असा आहे की, एक्सॉर्सिस्टने समोरचा माणूस पछाडलेला आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये. चारशे वर्षांपूर्वीची ही सूचना आहे, हे लक्षात घ्यावे. लक्षणे म्हणून त्यात कधीही न शिकलेली भाषा बोलणे किंवा समजणे, दूरच्या आणि गुप्त गोष्टी सांगणे, वयाला व प्रकृतीला न शोभणारे बळ दाखवणे या गोष्टी दिल्या आहेत. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथाच्या परिच्छेद १६७३ मध्येही हेच बजावले आहे की, मानसिक आजार ही अगदी वेगळी बाब असून तिचे उपचार वैद्यकशास्त्राच्या कक्षेत येतात, म्हणून विधीपूर्वी खात्री करून घेणे आवश्यक आहे.

पानगळ

दोघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट अजून खटकते. चर्चची व्यवस्था इतकी काटेकोर असेल, तर अमोर्थ बिशपांवर इतके नाराज का होते? लॅटिनवेडा यांनी त्या तक्रारीचा ओझरता उल्लेख केला आहे, पण नुसत्या अननुभवी वरिष्ठांबद्दलची ही कुरकुर वाटत नाही.

उत्तर: लॅटिनवेडा

बरोबर हेरलेत. माझ्या मते अमोर्थ यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा झगडा सैतानाशी झालाच नाही, तो स्वतःच्या चर्चमधील वरिष्ठांशी झाला.

१९६० च्या दशकात कॅथलिक चर्चची जी दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, तिच्यानंतर एकेक करून सगळे विधी नव्याने लिहिले गेले. एक्सॉर्सिझमचा क्रमांक अगदी शेवटी लागला. नवा लॅटिन विधी १९९८ च्या अखेरीस मंजूर झाला आणि जानेवारी १९९९ मध्ये कार्डिनल होर्हे मेदिना एस्तेवेस यांनी तो पत्रकारांसमोर मांडला. प्रत्यक्ष काम करणाऱ्या एक्सॉर्सिस्टांनी पाठवलेल्या सूचना कोणी विचारात घेतल्या नाहीत, असा अमोर्थ यांचा आरोप होता, आणि तो त्यांनी दबक्या आवाजात केला नाही. ज्यांनी आयुष्यात एकदाही हा विधी केला नाही अशा लोकांनी ही रचना केली आहे, असे ते उघडपणे म्हणत.

त्यांचे आक्षेप नेमके होते. पहिला असा की, करणी किंवा शाप यांमुळे त्रास होत असल्याची शंका असेल तेथे हा विधी करू नये, असे नव्या ग्रंथात सांगितले आहे. अमोर्थ यांच्या अनुभवाप्रमाणे त्यांच्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या त्रासाचे मूळ तेच होते, म्हणजे दुखणे जिथे आहे तेथेच औषध लावायला बंदी. दुसरा आक्षेप असा की, सैतानाचे अस्तित्व आहे याची खात्री झाल्यावरच विधी सुरू करावा, असे नवा ग्रंथ म्हणतो. अमोर्थ यांचा युक्तिवाद नेमका उलटा होता. प्रार्थना सुरू केल्यावर जी प्रतिक्रिया उमटते तिच्यावरूनच निदान होते, तेव्हा आधी निदान आणि मग प्रार्थना हा क्रम व्यवहारात चालत नाही.

येथे मी अमोर्थ यांच्या बाजूने नाही. प्रतिक्रियेवरून निदान करायचे ठरवले, तर सूचनक्षम, म्हणजे दुसऱ्याने सुचवलेले चटकन खरे मानणारा, माणूस काय प्रतिक्रिया देईल हे सांगायला ज्योतिषी नको. पण त्यांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. जुन्या विधीत धर्मगुरू सैतानाला उद्देशून ‘निघून जा’ अशी थेट आज्ञा करतो. नव्यात देवाला केलेली विनवणी अनिवार्य आणि सैतानाला केलेली आज्ञा ऐच्छिक आहे. ज्याने तोवर बारा-तेरा वर्षे आज्ञा करण्यात घालवली होती, त्याला हा बदल आपल्या हातातील हत्यार बोथट करण्यासारखा वाटला असेल तर नवल नाही. अखेरीस बिशपांनी विनंती केल्यास जुना विधी वापरण्याची मुभा ठेवण्यात आली, आणि अमोर्थ शेवटपर्यंत जुन्या लॅटिन प्रार्थनाच म्हणत राहिले.

याच काळातील दुसरे काम म्हणजे संघटन. १९९० च्या दशकाच्या आरंभी मूठभर सहकाऱ्यांसह त्यांनी एक्सॉर्सिस्टांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली आणि २००० पर्यंत ते तिचे अध्यक्ष होते. तिच्या घटनेला व्हॅटिकनच्या धर्मगुरुविषयक मंडळाने २०१४ मध्ये मान्यता दिली, तेव्हा तीस देशांतील सुमारे अडीचशे सदस्य तिच्यात होते. गंमत अशी की, आपण पाहिलेल्या चित्रपटावर कडक शब्दांत टीका करणाऱ्यांत हीच संघटना पुढे होती.

वरिष्ठांना ते अडचणीतही आणत. मे २०१३ मध्ये सेंट पीटर चौकात पोप फ्रान्सिस यांनी चाकांच्या खुर्चीतील एका माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तो माणूस थरथरला आणि खुर्चीत कोसळल्यासारखा झाला. ते दृश्य दूरचित्रवाणीवर गेले. अमोर्थ यांनी हा एक्सॉर्सिझमच असल्याचे ठासून सांगितले आणि व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांना खुलासा करावा लागला की पोपचा तसा कोणताही हेतू नव्हता, ते नेहमीप्रमाणे आजारी माणसासाठी प्रार्थना करत होते. योगासने आणि जादूगार मुलाच्या त्या सुप्रसिद्ध कादंबऱ्या या दोन्हींमागे सैतान असल्याचे त्यांचे २०११ मधील विधानही जगभर गाजले. या ठिकाणी मला त्यांच्यातील संपादक एक्सॉर्सिस्टवर मात करताना दिसतो.

उत्तर: अर्धविराम

मी मानसोपचाराच्या क्षेत्रातील आहे आणि आतापर्यंतची चर्चा इतकी संयत आहे की भर घालण्याचे धाडस करतो.

चर्चचे नियम कागदावर चांगले आहेत, हे मान्य. पण नियम असूनही काय घडू शकते, याचे उदाहरण या विषयात टाळता येणार नाही. जर्मनीतील बव्हेरियात एक तरुण विद्यार्थिनी होती. तिला अपस्माराचे झटके येत आणि त्यासाठी औषधे सुरू होती. पुढे तिला सैतानी चेहरे दिसू लागले, आवाज ऐकू येऊ लागले. वुर्झबर्गच्या बिशपांनी सप्टेंबर १९७५ मध्ये रीतसर परवानगी दिली, दोन धर्मगुरूंनी १६१४ च्या विधीप्रमाणे सुमारे दहा महिन्यांत ६७ बैठका घेतल्या, आणि १ जुलै १९७६ रोजी ती तेवीस वर्षांची मुलगी उपासमार व निर्जलीकरणाने मरण पावली. तिचे वजन तेव्हा तीस किलोच्या आसपास उरले होते. १९७८ मध्ये न्यायालयाने दोन्ही धर्मगुरू आणि तिचे आईवडील यांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवून सहा महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. येथे परवानगी होती, विधी अधिकृत होता, सहजासहजी विश्वास ठेवू नका ही सूचनाही त्याच ग्रंथात छापलेली होती. नव्हता तो शेवटच्या महिन्यांत तिच्या खाटेजवळ डॉक्टर.

अमोर्थ यांचा या प्रकरणाशी संबंध नाही, ते या कामात दहा वर्षांनी आले. तरी हे सांगतो, कारण आधी प्रार्थना करून मग प्रतिक्रियेवरून निदान करण्याचा त्यांचा आग्रह मला याच कारणाने धोकादायक वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात समाधिस्थिती आणि अंगात येण्याच्या विकारांना स्वतंत्र स्थान आहे. अशा व्यक्तीला आपण दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात आहोत असे खरोखरच वाटते. ती ढोंग करत नसते. तिच्यासमोर जांभळा स्टोल घातलेला अधिकारी पुरुष उभा राहून सैतानाला त्याचे नाव विचारू लागला, तर तिच्यातून नाव सांगणारे कोणी ना कोणी निघतेच.

शिवाय वैद्यकशास्त्र स्वतःही अजून शिकत आहे. शरीराचीच प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मेंदूतील विशिष्ट रिसेप्टरांवर, म्हणजे संदेश ग्रहण करणाऱ्या प्रथिनांवर, हल्ला करतात, असा मेंदूदाहाचा एक प्रकार २००७ मध्ये प्रथम नीट वर्णिला गेला. त्यात बहुतांशी तरुण स्त्रिया असतात. काही दिवसांत स्वभाव पालटतो, भास होतात, झटके येतात, चेहरा आणि हातपाय विचित्र वळतात. वेळेवर निदान झाल्यास यातील बहुसंख्य रुग्ण सुधारतात. १९८६ मध्ये अमोर्थ यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा अशा रुग्णाला डॉक्टरकडे पाठवले असते, तरी डॉक्टरलाही हा आजार ओळखता आला नसता. त्यामुळे डॉक्टरांना कारण सापडले नाही, म्हणून ते अतींद्रिय, हे अनुमान मला कोणत्याही काळात घाईचे वाटते.

उत्तर: उंबरठा

अर्धविराम, आपल्या प्रतिसादातील त्या मुलीच्या उदाहरणावर मी श्रद्धावंत म्हणूनही सही करीन. ते चर्चचे अपयश होते. औषधोपचार थांबवणे कोणत्याही एक्सॉर्सिस्टच्या अधिकारात येत नाही, ही गोष्ट आज प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगितली जाते. रोममधील एका धर्मपीठीय विद्यापीठात २००५ पासून या विषयाचा अभ्यासवर्ग चालतो, त्यात मानसोपचार आणि कायदा यांचीही सत्रे असतात.

तरीही एक बाजू आपल्या वर्णनातून सुटते. अमोर्थ यांच्या दाराशी येणारी माणसे बहुधा डॉक्टरांकडे वर्षानुवर्षे जाऊन, थकून आलेली असत. त्यांना वेडे न ठरवता, हसण्यावारी न नेता अर्धा तास ऐकून घेणारा एक म्हातारा धर्मगुरू तेथे बसलेला असे आणि तो पैसेही मागत नसे. धर्मप्रांतात एक्सॉर्सिस्टच नेमला नाही तर ही माणसे भोंदू भविष्यवेत्त्यांकडे आणि पैसे उकळणाऱ्या जादूटोणेवाल्यांकडे जातात, ही अमोर्थ यांची बिशपांवरील खरी तक्रार होती, आणि तिच्यात तथ्य आहे. मिलानच्या धर्मप्रांताने २०१२ मध्ये आपल्या एक्सॉर्सिस्टांची संख्या सहावरून बारा केली, ती वाढत्या विचारणांमुळेच.

पानगळ

बरेच काही स्पष्ट झाले. ‘मांत्रिक’ हा शब्द मागे घेतो, १,६०,००० हा आकडाही. आता शेवटचा आणि थोडा हलका प्रश्न: चित्रपटातील त्यांचा मिश्कीलपणा तरी खरा आहे, की तोही पदरचा?

उत्तर: लॅटिनवेडा

तो मात्र अस्सल आहे. सैतान मला पाहून घाबरतो, अशा थाटाचे विनोद ते मुलाखतींत सर्रास करत. १९७३ च्या ‘द एक्सॉर्सिस्ट’ या गाजलेल्या भयपटाचे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांना त्यांनी १ मे २०१६ रोजी, म्हणजे स्वतःच्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशी, एक प्रत्यक्ष विधी एकट्याने चित्रित करण्याची परवानगी दिली होती. त्या इटालियन स्त्रीवर केलेला तो नववा विधी होता. फ्रीडकिन यांनी ते चित्रण नंतर अमेरिकेतील मेंदूशल्यचिकित्सकांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले. शल्यचिकित्सक चकित झाले, मानसोपचारतज्ज्ञांनी साधारणपणे अर्धविराम यांच्यासारखेच उत्तर दिले, आणि त्यातून २०१७ मध्ये एक माहितीपट निघाला.

तो अमोर्थ यांना पाहता आला नाही. १६ सप्टेंबर २०१६ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. पण त्या दिवशीच्या चित्रणात विधी सुरू करण्यापूर्वीचा एक क्षण टिपला गेला आहे. वाकलेले, थकलेले फादर अमोर्थ खुर्चीत बसतात, प्रार्थनेला आरंभ करण्याआधी नाकाला अंगठा लावतात, बोटे हलवतात आणि सैतानाला चक्क वाकुली दाखवतात.